बांगड्यांखालची कातडी

१

झुंबरबाईंच्या अंगावर शुक्रवारी सकाळी फोड उठले, आणि दुपारपर्यंत ते धाकट्या सुनेच्या नावावर चढले.

फोड साधे नव्हते. बोराएवढे, पाण्यानं टरारलेले. उजव्या गालावर, दोन्ही हातांच्या पाठीवर, उजव्या हाताला कोपरापर्यंत आणि पावलांवर. भोकरदनच्या डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि जाता जाता विचारलं की पोटात काय गेलंय. तो एक प्रश्न घेऊन केदारखेड्याच्या त्या घरातली सगळी माणसं शीतलकडे वळली.

वळायला कारणही होतं. झुंबरबाईंना अकरा वर्षांपासून सोरायसिस. कोपरं, गुडघे, पाठ, सगळीकडे पांढरे खवले. गावातल्या बाया त्यांना हळदीकुंकू द्यायच्या, पण पिठात हात घालू द्यायच्या नाहीत. शीतल बी.एस्सी. झालेली, वनस्पतीशास्त्रातली. तिनं नवऱ्याच्या, हरिओमच्या, मागे लागून सासूला जालन्याच्या एका वैद्यांकडे नेलं. त्यांनी हळद, मंजिष्ठा, अनंतमूळ, गुळवेल अशी पोटात घ्यायची पुडी लिहून दिली. रोज रात्री जेवणावर एक पुडी, शीतलच्या हातून. तीन महिन्यांत खवले गळाले. यंदा शेजारणींनी झुंबरबाईंना आपणहून कुरडयांना बोलावलं, आणि बुधवारी सकाळी सहापासून अकरापर्यंत घरच्या कुरडयांनाही त्या आपल्याच स्लॅबवर त्या चार बायांच्या बरोबरीनं बसल्या. शुक्रवारी हे असं.

झुंबरबाईंचे भाऊ कडूबामामा मोटारसायकलवर आले तेव्हा निकाल डोक्यात घेऊनच आले होते. त्यांनी बहिणीचा हात बघितला, उरलेल्या पुड्या ताब्यात घेतल्या आणि पुस्तकं वाचून म्हातारीवर प्रयोग करणाऱ्या सुनांबद्दल बराच वेळ बोलले. हरिओम मान खाली घालून ऐकत होता. त्यानं शीतलचा मोबाइल मागून घेतला आणि खिशात टाकला. थोरली जाऊ नंदाबाई एवढंच म्हणाली की पुड्या तपासून घ्या, म्हणजे कुणाच्या मनात काही राहणार नाही.

"रविवारी रामप्रसाद येतोय अंकुशनगरहून," मामा शेवटी म्हणाले. रामप्रसाद म्हणजे थोरला भाऊ, नंदाबाईचा नवरा, साखर कारखान्यात कामाला. "तुझ्या बापालाबी आष्टीहून बोलावलंय. त्यान्ला घेऊन जाऊ दे तुला. पोरगी हितंच ऱ्हाईल."

"मामा, ती दोन वर्साची हाय."

"मंग? घरात बाया न्हाईत का?"

त्या रात्रीपासून शीतलची ईश्वरी नंदाबाईच्या खोलीत झोपणार, असंही लगेच ठरलं.

२

स्वयंपाकघर शीतलला बंद झालं. तिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेईना. दाराला कडी नव्हती, पण ओसरीत मामा बसलेले, फाटकापाशी हरिओम, आणि भिंतीपलीकडे ईश्वरी "मम्मी, मम्मी" करत रडून रडून गप्प झालेली. कोंडायला आणखी काय लागतं?

डोळे मात्र कुणी काढून घेतले नव्हते. नंदाबाई सासूला मलम लावत होती ते ती दारातून बघत राहिली. हिरव्या बांगड्या आड येत होत्या म्हणून नंदाबाईनं त्या वर सरकवल्या, आणि शीतल टाचा उंचावून बघायला लागली. बांगड्यांखाली कातडी जशीच्या तशी होती. फोडांच्या मधोमध बांगडीएवढी कोरी पट्टी. मग तिनं चेहरा पाहिला. पदराखालचं कपाळ कोरं, डावा गाल कोरा.

बुधवारी झुंबरबाई उत्तरेकडे तोंड करून बसल्या होत्या. सूर्य उजव्या हाताला. जिथं ऊन पडलं तिथं फोड, जिथं बांगडी नाहीतर पदर आडवा आला तिथं काही नाही.

पण चैत्रातल्या उन्हात केदारखेड्यातल्या बाया जन्मभर बसत आल्यात. बुधवारी शेजारच्या चौघी त्याच उन्हात होत्या, एकीलाही चट्टा नाही. म्हणजे नुसतं ऊन नव्हे. उन्हाला कातडी आतून कुणीतरी कच्ची करून ठेवली होती.

शीतलला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. काळ्या, चपट्या, उग्र वासाच्या बिया कुटताना मॅडम ओरडल्या होत्या की हातमोजे घाला आणि आज उन्हात हिंडू नका. बावची. तिच्यातलं द्रव्य पोटात गेलं की कातडीला ऊन सोसत नाही. आणि तो चटका लगेच दिसतही नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोडाच्या रूपानं वर येतो. बुधवार ते शुक्रवार. बरोबर बसत होतं.

वैद्यांच्या चिठ्ठीत बावची नव्हती, पण पुड्या बांधणारा निराळा होता. त्यात चुकून पडली असेल तर? मग मामा म्हणतात तेच खरं. वाईट हेतू नसेल, पण हात तिचाच.

मामांनी नेल्या त्याच लॉटातल्या तीन पुड्या तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होत्या. तिनं तिन्ही एकदम तोंडात टाकल्या, पाण्याबरोबर उतरवल्या, तासाभरानं खिडकीच्या गजांतून डावा हात कोपरापर्यंत बाहेर काढला आणि अर्ध्या हातावर रुमाल गुंडाळून दोन तास उन्हात धरून ठेवला.

फोड आले तर गुन्हेगार आपण. नाही आले तर याच छपराखालचं दुसरं कुणीतरी. त्या दोन तासांत तिला कळेना की आपण कशासाठी देवाला हात जोडतोय.

खिडकीतून समोरची पत्र्याची खोली दिसत होती. नंदाबाईची एकोणीस वर्षांची दैवशाला तिथं मंगळवारपासून बाजूला बसलेली. घरात कुरडयांसारखं सोवळ्याचं काम निघालं की पाळीतल्या बाईची सावलीही नको, असा या घराचा नियम. दैवशाला गळाबंद पोलक्यात, मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. एरवी ही मुलगी रोज आठाच्या ठोक्याला स्लॅबवर उन्हाकडे पाठ करून केस वाळवायची. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचं कुंकू, साखरपुडा ठरलेला, सासर परतूरकडचं.

३

शनिवारी सकाळी मामांनी इब्राहीमचाचांना बोलावून घेतलं. भोकरदनला त्यांचं काष्ठौषधींचं दुकान, वडिलांपासूनचं; पुड्या तिथंच बांधलेल्या. ते स्वतःच आले, चिठ्ठीतल्या प्रत्येक औषधाचा नमुना पिशवीत घालून. दुकानाच्या नावाला बट्टा लागला तर तीन तालुक्यांचं गिऱ्हाईक तुटणार होतं, त्यामुळे मामांपेक्षा त्यांचाच आवाज चढलेला. पुडी त्यांनी सगळ्यांदेखत जिभेवर ठेवली, बोटांनी चोळली, हुंगली. त्यात चिठ्ठीबाहेरचं बिलकुल काही नाही, असं ते छातीवर हात ठेवून म्हणाले.

शीतल दाराआडून पुढे आली. मामांच्या कपाळाला आठी पडली.

"चाचा, बावची ठिवता का तुम्ही?"

इब्राहीमचाचांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग झुंबरबाईंच्या फोड आलेल्या हाताकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"ठिवतो, बेटी. पन ती कोडाला जाती, पांढऱ्या डागाला. रातभर भिजवायची, सकाळी अर्धा कप पानी घ्यायचं आनि नुसता डाग दहा मिनटं उन्हात धरायचा. जास्ती न्हाई. हे मी हर गिऱ्हाइकाला दोनदोनदा सांगतो. न समजता कुनी लोटाभर पिऊन उन्हात बसलं, तर भाजून निघंल."

"केदारखेड्यात जाती का?"

"जाती."

"कुनाच्या घरी?"

"मी ज्याची दवा देतो त्याची बीमारी दुसऱ्याला सांगत न्हाई. माझ्या अब्बानंबी कधी सांगितली न्हाई." त्यांनी पिशवीची नाडी ओढली. "तू शिकलेली हायेस. शेवटचं एक मला इचारायला नको व्हतं, बाकी सगळं तू बराबर इचारलंस."

ते गेल्यावर मामा हसले. म्हणाले, घ्या, आता बावचीचंबी नाव निघालं, आणि काढलं कुणी? जिला त्यातलं कळतं तिनंच.

४

दुपारी नंदाबाई गिरणीत गेली तेव्हा शीतल सासूजवळ जाऊन बसली. झुंबरबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. तीन महिने ज्या हातानं गुण दिला त्याच हातानं जाळलं, एवढं त्या भिंतीला सांगून झाल्या होत्या.

"आत्या, फकस्त एक सांगा. बुधवारी सगळ्यांच्या आधी उठून तुम्ही काय घेतलं?"

झुंबरबाईंनी तुटक तुटक सांगितलं. पहाटे चारला उठल्या, लाइट गेलेली. चतुर्थीचा कडक उपवास, म्हणून चहा नाही; मेथ्या मात्र औषधाच्या. फडताळातला मेथ्यांचा तांब्या घेतला, रोजच्यासारखा. साखरेसाठी त्या रोज पहाटे मेथ्यांचं पाणी प्यायच्या आणि तळाच्या मेथ्याही चावून खायच्या.

"कडू व्हतं का?"

"लय कडू. मेथ्या न्हाईत, गाळच व्हता तळाला. म्हनलं, कुटून टाकल्या असतील हिनं. कडू ते चांगलं म्हनून सगळा गाळबी खाल्ला." मग त्या वळल्या आणि पहिल्यांदाच सुनेकडे बघितलं. "का गं? काय व्हतं त्याच्यात?"

शीतलनं मनात मंगळवारची रात्र आठवून बघितली. मेथ्या रोज रात्री ती भिजवायची. फक्त मंगळवारी रात्री नाही. कुरडयांचा तीन दिवस भिजवलेला गहू वाटून झाला होता, चिक निवळायला घरातली सगळी भांडी लागली होती, मेथ्यांचा तांब्यासुद्धा. सकाळी भिजवू म्हणून ती झोपली आणि विसरली. सासूनं काही विचारलं नाही म्हणून हिनंही सांगितलं नाही.

म्हणजे त्या पहाटे फडताळात मेथ्यांचा तांब्या नव्हताच. जो होता तो दुसऱ्याच कुणाचा.

गंमत अशी की हे सापडल्यानं फास सैल होण्याऐवजी आवळला. पुडीत काही नव्हतं, तांब्यात होतं, असं ती सांगणार. आणि तांब्या रोज कोण भरतं, तर शीतल. त्या रात्री भरला नव्हता याला साक्ष कुणाची? तिची एकटीची.

ती परत खिडकीशी आली. दैवशालासमोर रिकामा कप पडलेला होता. बाजूला बसलेल्या पोरीला वरून ओतून द्यायचं, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. तिचं काही औषध असेल तर तेही या दिवसांत तिच्या खोलीत ठेवायचं नाही, औषधाला विटाळ होतो. मग एरवी पोरीच्या खोलीत राहणारा तांब्या मंगळवारी रात्री कुठं जाईल? स्वयंपाकघरात. फडताळात.

न धुतलेले केस रोज उन्हात वाळवणारी मुलगी. उकाड्यातही गळाबंद पोलकं. आणि बुधवारी सकाळी, चिकाची पातेली तशीच पडलेली असताना, नंदाबाई मोरीत बसून एकच तांब्या राखेनं घासत होती.

शीतल मागे वळली. नंदाबाई डोक्यावर पिठाचा डबा तसाच धरून दारात उभी होती.

५

नंदाबाईनं डबा खाली ठेवला. तिनं दार लोटलं. शीतलनं नुसती पत्र्याच्या खोलीकडे मान केली. तेवढं पुरलं.

नंदाबाईनं सांगितलं ते हळू आवाजात आणि एका दमात. मागच्या दिवाळीत पोरीच्या पाठीवर मानेखाली रुपयाएवढा डाग दिसला. आता तीन आहेत. रामप्रसादलाही माहीत नाही. बुधवारी पहाटे रिकामा तांब्या बघून तिला वाटलं सासूनं ओतून दिला असेल. शुक्रवारी फोड बघितले तेव्हा कळलं.

"आन् तरी तुम्ही पुड्या तपासा म्हनलात."

"पुडीत काई सापडनार न्हाई, हे ठाऊक व्हतं म्हनून म्हनले. वाटलं तू सुटशील." तिनं पदर तोंडाला लावला. "मंग मामांनी आष्टीचं काढलं. तू चार दिवस म्हायेरी जाऊन येशील, शीतल. कुंकू झालं की मीच तुला आनायला येते. पन डागाचं नाव निघालं तर माझी पोर जन्मभर घरात. तूबी आई हायेस."

"म्हनूनच. माझी लेक भिताडाच्या पलीकडं रडती आन् मला उचलता येत न्हाई. चार दिवस तुमचे असतील बाई, तिचे किती व्हतील कुनाला ठाऊक."

भांडायलाही काही शिल्लक नव्हतं. दोघींचं म्हणणं एकच होतं, आणि जागा एकीलाच होती.

६

रविवारी ओसरीत चटया पडल्या. रामप्रसाद आला होता. शीतलचे वडील एका कडेला गुडघे जवळ घेऊन बसले होते, आलेला चहा तसाच. झुंबरबाईंना उशीला टेकून बसवलं होतं. ईश्वरी दैवशालाच्या मांडीवर होती. पाच दिवस भरून, न्हाऊन दैवशाला आजच घरात आली होती.

शीतल उभी राहिली. आधी तिनं डावा हात सगळ्यांपुढे धरला. तीन पुड्या एकदम खाऊन दोन तास उन्हात धरलेला हात, तिसऱ्या दिवशीही साफ. मग सासूच्या बांगड्या सरकवून कोरी पट्टी दाखवली, पदराखालचं कपाळ दाखवलं, बुधवार ते शुक्रवारचा हिशेब सांगितला. बावचीचा गुण सांगितला. शेवटी तांब्यावर आली. बाप्यांनीही मान पुढे काढली होती.

"तांब्या तर तूच भरतीस," मामा म्हणाले.

"त्या राती न्हाई भरला."

"मंग कुनी?"

तोंडाशी आलेलं नाव होतं. समोर ईश्वरी दैवशालाची वेणी ओढत खिदळत होती. नंदाबाई बघत नव्हती, तिनं डोळे मिटून घेतले होते. शीतलला कळलं की आपल्याला नाव घेता येत नाही आणि न घेताही राहता येत नाही.

मामांनी इब्राहीमचाचांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. बावची नेली कुणी ते सांग, नाहीतर दुकानावर येतो. पलीकडून इब्राहीमचाचा शांतपणे म्हणाले, "शीतलबेटीनं माझ्याकडून बावची कधीच नेली न्हाई. कुरानाची कसम. दुसरं नाव इचारू नका, भेटनार न्हाई."

फोन बंद झाला. मामा पुन्हा शीतलकडे वळणार तोच झुंबरबाई म्हणाल्या,

"मी भिजवली."

सगळे वळले. त्या कुणाकडे न बघता, फोडांवर फुंकर घालत सांगत होत्या. अकरा वर्षांनी बायांनी कुरडयांना बोलावलं. उरलेसुरले खवलेही जावेत, अंग नितळ दिसावं म्हणून एका बाईकरवी बावची मागवली. किती घ्यायची माहीत नव्हतं. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. सुनेवर आळ आला तरी तोंड उघडलं नाही, ही चूक झाली.

"तुला काय याड लागलंय का, झुंबरे?" मामा म्हणाले.

"लागलं व्हतं. आता हा इषय या घरात परत काडायचा न्हाई." हे म्हणताना त्यांनी बघितलं ते नंदाबाईकडे.

शीतलला उमगलं. कालच्या कडू गाळापासून म्हातारी रात्रभर तिच्याच वाटेनं चालत आली होती आणि त्याच दाराशी पोचली होती. फरक एवढाच की तिथं पोचून तिनं दार ओढून घेतलं. हरिओमनं मोबाइल परत दिला, डोळ्याला डोळा न देता. वडिलांनी चहा संपवला. ईश्वरी मांडीवर आली ती घट्ट चिकटून बसली, आणि ओसरीत लगेच कुंकवाच्या पाहुण्यांची मोजणी सुरू झाली.

ऊन कलल्यावर दैवशाला शीतलला स्लॅबवर भेटली. कठड्याला टेकून उभी.

"आजी खोटं बोलली, काकू."

"तुझ्यासाठी बोलली."

"मला कुनी इचारलं का?" तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही उभ्या ऱ्हायलात तवा मी वाट बघत व्हते. म्हनलं, काकू शिकलेल्या हायेत, त्या नाव घेतील, एकदा काय व्हायचं ते हून जाईल. आता लगीन व्हनार. मंग आई काय रोज पहाटं तांब्या घिऊन परतूरला येनार का?"

शीतल कसंनुसं हसली. दैवशाला हसली नाही.

"तुम्ही सुटलात. आजीबी सुटली, आईबी. उद्या हिच्या पाठीवर असा डाग उठला तर हिलाबी गप बसायला लावाल का?"

ईश्वरी शीतलच्या खांद्यावर पेंगत होती. फ्रॉकमधून दिसणारी तिची एवढीशी पाठ शीतलनं तळव्यानं झाकली, आणि झाकताना तिला आपल्याच हाताची लाज वाटली.

"तुज्या पप्पांना सांगायचंय का तुला?"

"सांगायचंय. एकटीनं जमंना."

"आन् बावची बंद. चांगल्या डॉक्टरला दाखवू. कबूल?"

दैवशालानं मान हलवली. खाली नंदाबाई पाहुण्यांना पुरणाचं करायचं का श्रीखंडाचं, असं विचारत होती. हे बाहेर पडलं की आष्टीची गोष्ट पुन्हा निघू शकत होती, आणि या खेपेला मध्ये पडायला झुंबरबाई नसणार होत्या. शीतलनं ईश्वरीला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं, जिन्याच्या तोंडाशी गेली आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल अशी रामप्रसादला हाक मारली.

"दादा, जरा वर या. दैवूला तुमच्याशी बोलायचंय. आन् बाई, तुम्हीबी या."